पहिल्या रेझरला पाच पाती नकोत, एकच पुरे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत कॉलेजच्या मुलांसाठी दाढीच्या सामानाची यादी आली होती, त्यात सगळ्यात वर पाच पात्यांचा रेझर, मग फोमचा डबा आणि शेवटी झोंबणारं आफ्टरशेव. माझं घोडबंदर रोडला मानपाड्यात सलून आहे, वडिलांचंही हेच काम होतं, आणि नाजूक कातडीच्या पोराने अशी यादी जशीच्या तशी उचलली की त्याच्या गळ्याचं काय होतं ते मी खुर्चीत रोज बघतो, म्हणून हे पत्र.

ही पोरं साधारण एकोणीस-वीस वर्षांची असतात, नुकतीच हॉटेलात, बँकेत नाहीतर एअरपोर्टला लागलेली, तिथे रोज क्लीन शेव्ह लागते म्हणजे लागतेच. जबड्याच्या खाली लाल पुटकुळ्या, कुठे कुठे पिकलेल्या, वर शर्टाची कॉलर आणि बाईकच्या हेल्मेटचा पट्टा घासत असतो. कोण म्हणतं उष्णता झाली, कोण म्हणतं रक्त खराब आहे. टॉर्च मारून जवळून बघितलं तर बऱ्याच पुटकुळ्यांमध्ये एक काळा केस वळून कातडीच्या आतच वाढत असलेला स्पष्ट दिसतो. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केसाला धरून थोडा वर ओढतं आणि मागचं पातं तो कापतं, मग कापलेला केस परत खाली सरकतो तो थेट कातडीच्या खाली जातो. ज्याचे केस सरळ आणि मऊ त्याला काही होत नाही, उलट गाल मस्त गुळगुळीत लागतो, पण कुरळ्या जाड केसवाल्याला तोच केस बाहेर यायच्या ऐवजी आत घुसतो आणि त्या जागी सूज येते. त्यात रेझर एकदा फिरवला की तीन किंवा पाच पाती त्याच जागेवरून फिरतात, म्हणजे कातडीचा वरचा थर तितक्या वेळा खरवडला जातो.

जिलेटच्या रेझरचं पेटंट 1904 चं, तेव्हा त्यात एकच पातळ ब्लेड, दोन्ही बाजूंना धार. पुढे 1971 ला दोन पाती आली, 1998 ला तीन, 2006 ला पाच. ज्यांना ती सोसतात त्यांनी खुशाल वापरावीत, माझं म्हणणं फक्त ज्यांची कातडी तक्रार करते त्यांच्यापुरतं आहे, आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून सेफ्टी रेझर घ्यावा हे मी ठामपणे सांगतो. सेफ्टी रेझर म्हणजे आपल्या वडिलांकडे, आजोबांकडे असायचा तोच, स्क्रूने उघडतो आणि आत एक ब्लेड बसतं.

आता घेताना काय बघायचं. सेफ्टी रेझर सगळे सारखे नसतात, काही सौम्य असतात काही तिखट. ब्लेडच्या खालची पट्टी सलग असेल तो साधारण सौम्य, आणि जिथे त्या पट्टीला दाते असतात तो बहुतेक वेळा जास्त खोल कापतो, तो दाट वाढलेल्या दाढीला ठीक, पहिल्यांदा शिकणाऱ्याला नको. जर्मनीचा मर्कुर 34सी किंवा म्यूलेचा आर89 हे दोन्ही सौम्य म्हणून ओळखले जातात, पण त्याच म्यूलेचा आर41 एकदम तिखट, तेव्हा नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नका, मॉडेल बघा. एवढे पैसे नसतील तर भारतात बनणारे पार्करचे रेझर आहेत, त्यातही सलग पट्टीचाच घ्यायचा. अगदी स्वस्तातला घेतला तरी चालतो पण एक गोष्ट तपासून. ब्लेड बसवून रेझर घट्ट करा, डोळ्याच्या पातळीला धरून टोकाकडून बघा, दोन्ही बाजूंना ब्लेडची धार सारखीच बाहेर आली पाहिजे. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, किंवा धार तिरकी दिसत असेल, तर एकदा सैल करून परत बसवा, तरी तसंच राहिलं तर तो रेझर घेऊ नका, कितीही चमकत असू दे. दांडा थोडा वजनदार असलेला बरा, कारण जोर रेझरच्या वजनाने पडला पाहिजे, हाताने नाही.

ब्लेडचं म्हणाल तर सगळ्यात धारदार ते सगळ्यात चांगलं असं काही नसतं. जपानची फेदर फार धारदार, सराईत हाताला छान, नवख्याने त्या वाटेला लगेच जाऊ नये. पण बोथट ब्लेड त्याहून वाईट, ते केस कापत नाही, ओढतं. आधी सेव्हन ओ क्लॉक, ॲस्ट्रा, विल्किन्सन अशी दोन-तीन प्रकारची पाकिटं आणा, रेझर तोच ठेवून एकेक वापरून बघा, कातडीला कुठलं मानवतं ते तिलाच कळतं. (सुपरमॅक्सची ब्लेडं तर आपल्या ठाण्यातच, वागळे इस्टेटला बनायची, त्या कारखान्यावर कित्येक घरं चालली.) एक ब्लेड कटिंग चहापेक्षा स्वस्त पडतं, पाच पात्यांचं एक कार्ट्रिज त्याच्या कितीतरी पट पडतं आणि महाग आहे म्हणून पोरं ते महिनाभर घासत बसतात, हे मी कितीदा ऐकलंय. तीन-चार दाढ्या झाल्या किंवा ओढायला लागलं की ब्लेड बदलायचं, विषय संपला.

रेझर कितीही चांगला असला तरी केस नीट भिजला नसेल तर उपयोग नाही. अंघोळ झाल्यावर दाढी करा, नाहीतर कोमट पाण्याचा टॉवेल दोन मिनिटं धरा, ओला केस मऊ होतो आणि कापायला जोर लागत नाही. साबण किंवा क्रीम कमी वासाचं, मेंथॉल नसलेलं घ्या, गार वाटतं म्हणून कातडीला बरं असतं असं नाही. नवीन क्रीम आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. ब्रश सिंथेटिक घ्या, तो मऊ असतो आणि पावसाळ्यात लवकर वाळतो, डुकराच्या केसांचा ब्रश नवा असताना टोचतो. फेस होत नाही अशी आमच्या घोडबंदर पट्ट्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते, आणि दोष साबणाला देतात. अहो टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने साबणाचा फेस व्हायच्या ऐवजी नुसता चोथा होतो आणि तो गालावर राहून खाज येते. आरओ फिल्टरचं एक वाटी पाणी कोमट करून त्यात फेस करा, फरक लगेच दिसेल. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं तिथे हा त्रास तसा कमी.

आता हात कसा चालवायचा ते. आदल्या दिवशी दाढी न करता वाढू द्या आणि गळ्यावरून सगळ्या दिशांनी बोट फिरवा. ज्या बाजूला बोट सरळ घसरतं ती सुलटी, खरखर लागते ती उलटी. गालावर केस बहुतेक वरून खाली असतात, पण गळ्यावर एकाचे खालून वर, दुसऱ्याचे आडवे, कंठाच्या शेजारी तर भोवरा, आणि मुलं मात्र सगळीकडे वरून खाली एकच हात मारतात. रेझरचं डोकं गालाला टेकवा, दांडा आडवा, बाहेरच्या बाजूला, मग दांडा हळूहळू खाली आणा, जिथे केस कापल्याचा बारीक चर्र आवाज यायला लागतो तो तुमचा कोन, साधारण 30 अंशाचा. तोच कोन ठेवून छोटे छोटे हात, बोटभर लांबीचे, फक्त सुलटे, मध्ये मध्ये रेझर धुवायचा. कातडी फार ताणू नका, ताणलेली कातडी सोडली की कापलेला केस आत जातो, म्हणजे एकच पातं वापरून पण तोच त्रास. पहिला महिनाभर एकदाच फिरवायचं, नंतर वाटलं तर परत फेस लावून आडवं, आणि ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी उलटी दाढी करायचीच नाही. थोडा खुंट हाताला लागला तर लागू दे, ऑफिसात कोणी गालावरून हात फिरवून बघत नाही.

रोज सकाळी ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत जाणाऱ्यांना तर माझा आग्रह आहे की दाढी रात्री करा. सकाळी ताज्या कापलेल्या कातडीवर घाम आणि धूळ बसते आणि ऐरोलीच्या पुढे जाईपर्यंत गळ्याची आग व्हायला लागते, रात्री केली की कातडीला सात-आठ तास मिळतात. झाल्यावर गार पाणी, टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही, आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर. अल्कोहोलचं आफ्टरशेव नाजूक कातडीला नको. तुरटी मी स्वतः सलूनमध्ये वापरतो, कापलं तर रक्त थांबवायला ती चांगली, पण रोज सगळ्या चेहऱ्यावर फिरवली तर कातडी कोरडी पडते.

पुटकुळ्या पिकल्या असतील, गोल चट्टा पसरत असेल, तर दाढी थांबवा आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा. मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेलं स्टेरॉइडचं मिक्स क्रीम आणून लावू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि खाली बुरशी असेल तर ती पसरते, आपल्याकडच्या दमट हवेत तर फारच. आणि भावाचा, रूममेटचा रेझर कधीच वापरायचा नाही, कावीळ बी त्यातून होऊ शकते. सलूनमध्येसुद्धा समोर नवीन ब्लेड तोडायला सांगा, आम्हाला त्याचा राग येत नाही.

एक विनंती ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांना, आणि सोसायट्यांच्या कमिट्यांनाही. सेफ्टी रेझर वाढले की सुटी ब्लेडंही वाढतील, आणि आत्ताच लोक ती कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकतात. घंटागाडीवरचे कामगार तो कचरा हाताने वेगळा करतात, बऱ्याचदा ग्लोव्हजशिवाय, त्यांचे हात कापतात. आमच्या सलूनमध्ये आम्ही झाकण पक्कं चिकटवलेल्या पत्र्याच्या डब्याला वरून चीर पाडून त्यात ब्लेड टाकतो, डबा भरला की चिरेवर टेप लावतो आणि वर मार्करने ब्लेड लिहून गाडीवरच्या माणसाच्या हातात देतो. घरी एक डबा काही वर्षं पुरेल. प्रत्येक सोसायटीच्या गेटवर असा एक मोठा डबा ठेवला आणि पालिकेने तो ठराविक दिवशी वेगळा उचलला तर खर्च फार नाही, आणि आपण पुढच्या पुरवणीत दाढीच्या सामानाची यादी छापाल तेव्हा त्यात सौम्य रेझरच्या शेजारी हा डबाही छापा.

आपला एक वाचक,
सलून व्यावसायिक, मानपाडा, ठाणे (प.)