सोहम सुट्टीत येतोय, त्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं कधीच पुरं होत नाही, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. बाबा, सोहमला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) आहे हे कळल्यावर परवा तुम्ही विचारलंत, "औषधाशिवाय, नैसर्गिक असं काही करता येत नाही का गं?" येतं. सोहम साडेपाच वर्षांचा आहे आणि या वयात डॉक्टरही गोळ्यांपासून सुरुवात करत नाहीत. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे घरातल्या मोठ्यांनी त्याच्याशी कसं वागायचं ते शिकणं. सुट्टीत तो महिनाभर तुमच्याजवळ असेल, म्हणजे हा उपचार तुमच्याच हातात येणार. त्यामुळे पत्र लांबेल, पण दोघांनी मिळून वाचा.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," असं तुम्ही म्हणालात. बाबा, होतं. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशाच मुलांबद्दल डॉक्टरांपुढे व्याख्यानं दिली होती. बुद्धीने चांगली, पण मनाला आणि हातापायांना आवर घालता न येणारी मुलं. आज जगभरात शंभरांतल्या साधारण पाच मुलांमध्ये हे आढळतं. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून दिसतं की मुलामुलांमधल्या या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असतो. म्हणून आई, हे तुझ्या लाडांमुळे झालेलं नाही, माझ्या नोकरीमुळे नाही आणि मोबाइलमुळेही नाही. मागच्या लग्नात एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की मुलावर संस्कारच नाहीत. सोहम तिथेच खुर्चीखाली होता आणि त्याने ते ऐकलं. रात्री त्याने मला विचारलं, "मी वाईट आहे का?" तेव्हापासून मी ठरवलंय की त्याच्या कानावर पडेल असं कुणी काही बोललं तर तिथल्या तिथे थांबवायचं, समोर कितीही मोठं माणूस असो. तुमच्या घरी कुणी आलं-गेलं तर तुम्हीही थांबवा. वांड, द्वाड, माकड हे शब्द प्रेमाने म्हटलेलेसुद्धा नकोत. आणि दादाच्या ईशानशी तुलना तर अजिबात नको. ईशान तासभर चित्र रंगवत बसतो, कारण त्याचा मेंदू त्याला बसू देतो.

बाबा, तुमच्या शाळेतली एक गोष्ट मला नेहमी आठवते. आमच्या वर्गात तो मुलगा होता, नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेल. बाकावर ठरायचा नाही. तुम्ही त्याला घंटा द्यायचं, माठ भरायचं, हजेरीपट दुसऱ्या वर्गात पोचवायचं काम दिलंत. एक फेरी मारून आला की तो पाढे म्हणायला बसायचा आणि बसलेला राहायचा. मला त्या वेळी वाटायचं की तो तुमचा लाडका आहे. आता आमच्या डॉक्टर मला नेमकं हेच करायला सांगतात: बसण्याआधी आणि बसण्याच्या मधेमधे अंगाला काम द्या. सोहमसाठी मला तुमच्याकडून हेच हवं आहे.

सकाळी उठल्यावर चहा-नाश्त्याच्याही आधी त्याला बाहेर काढा. कुणकेश्वरच्या वाळूत पळू दे, नाहीतर कलमांच्या बागेतून तुमच्याबरोबर एक फेरी होऊ दे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००९ साली ७ ते १२ वर्षांच्या अशा मुलांना वीस-वीस मिनिटं चालायला नेलं होतं. एकदा बागेत, एकदा घरांच्या वस्तीत, एकदा शहराच्या गजबजाटात. बागेतून आल्यावर त्यांचं लक्ष सर्वांत चांगलं लागलं. अभ्यास लहानसा होता, पण मी स्वतः पाहते, टेकडीवरून आल्यावर सोहम जेवताना ताटासमोर टिकतो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळून आल्यावर टिकत नाही. पुण्यात टेकडी गाठायला स्कूटर काढावी लागते. तुमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की झाडं.

नुसतं पळणं पुरत नाही, ओझं लागतं. ओढणं, ढकलणं, उचलणं, चढणं यांनी तो निवतो. आईबरोबर रातांबे फोडायला बसवा, हात लाल झाले तर होऊ देत. झारीने रोपांना पाणी घालू दे, वाळलेल्या झावळ्या ओढत परसात नेऊ दे, फणसाचे गरे काढताना हाताला तेल लावून बिया वेगळ्या करू दे. इथे आम्ही त्याला मल्लखांबाला घातलंय. तिथे तो रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबतो. शाळेत जे जमत नाही ते तिथे जमतं, कारण थांबल्यावर लगेच चढायला मिळणार हे त्याला दिसत असतं. बाबा, तुम्ही तरुणपणी दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगायचात ना, मल्लखांब पुन्हा उभा करणाऱ्यांची, ती त्याला सांगा. त्याला त्या खांबाचं फार वेड आहे.

आता बोलण्याबद्दल. आई, तू एका दमात सांगतेस, "हातपाय धू, कपडे बदल, देवाला नमस्कार कर आणि पाटावर बस." त्यातलं पहिलं त्याला ऐकू येतं आणि बाकीचं वाऱ्यावर जातं. हा उद्धटपणा नाही. लांबून हाक मारू नकोस. जवळ जा, खांद्यावर हात ठेव, त्याने तुझ्याकडे पाहिलं की एकच गोष्ट सांग. ती झाली की दुसरी. आणि झाल्या झाल्या, तिथेच, काय चांगलं केलं ते नाव घेऊन सांग: "चपला जागेवर ठेवल्यास, छान केलंस." नुसतं "शहाणा माझा" म्हटलेलं त्याच्या कुठे लागत नाही. दिवसभर रागावणं झालं तर त्याचं काही शिकणं होत नाही, पण एखादं काम केल्याक्षणी कौतुक झालं तर तेच काम तो उद्या स्वतःहून करतो. हे मी आमच्या घरात होताना पाहिलंय.

बारीकसारीक खोड्यांकडे डोळेझाक करा. खुर्चीवर गुडघे वर घेऊन जेवतोय, जेवू दे. उभ्याने पाढे म्हणतोय, म्हणू दे. अडवायचं ते तीनच गोष्टींना: मारणं, वस्तू फेकणं, न सांगता अंगणाबाहेर जाणं. त्या वेळी तिथल्या तिथे, थोडक्यात आणि आवाज न चढवता. "बाबा आल्यावर बघतील" हे त्याला कळत नाही, संध्याकाळपर्यंत तो प्रसंगच विसरलेला असतो. मारू नका, एक चापटही नको. खेळातून उठवायचं असेल तर पाच मिनिटं आधी सांगा आणि पुन्हा एकदा सांगा. अचानक उठवलं की रडारड ठरलेली.

दिवस रोज एकाच क्रमाने जाऊ दे. या बाबतीत तुमचं घर आमच्यापेक्षा चांगलं आहे. दिवेलागण, शुभंकरोति, पर्वचा, जेवण, गोष्ट, झोप. त्याला पुढे काय होणार हे माहीत असलं की त्याची निम्मी धुमश्चक्री कमी होते. साडेआठला अंथरुणावर, मग पाहुणे आलेले असोत की मालिका चालू असो. या वयात दिवसाला दहा तास झोप हवीच. झोप अपुरी झालेलं मोठं माणूस पेंगतं, सोहम उलट अधिक उसळतो. मोबाइल हा या आजाराचं कारण नाही म्हटलं तरी तो झोप खातो आणि खेळ खातो, म्हणून जेवताना आणि संध्याकाळनंतर नको. पाच वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही अजून तेच धरून आहोत. आणखी एक, तो तोंड उघडं टाकून झोपतो का आणि घोरतो का, हे रात्री बघून मला कळवा. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर झोप मोडते आणि दिवसा असाच धिंगाणा होतो. डॉक्टरांनी मुद्दाम विचारलंय.

खाण्याचं तुला सर्वांत जास्त वाटतं, आई. साखरेला दोष देऊ नकोस. १९९४ साली एक प्रयोग झाला: सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं आणि काही आयांना सांगितलं की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली! त्यामुळे आमरस खाऊ दे. रंगांचं मात्र तसं नाही. २००७ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टनला सुमारे ३०० मुलांवर प्रयोग झाला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय घेतल्यावर मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली दिसली. त्यानंतर टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन वगैरे सहा रंग ज्यात आहेत त्या खाऊवर युरोपात २०१० पासून इशारा छापावा लागतो. आपल्याकडे यातले बरेच रंग सर्रास चालतात. म्हणून नळीतला रंगीत बर्फ, जत्रेतला लालभडक गोळा, नारिंगी जिलेबी टाळ. घरचं कोकम सरबत आहे की.

रक्त तपासलं त्यात त्याचं लोह कमी निघालं, फेरिटिनही (म्हणजे अंगातला लोहाचा साठा). २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, तेव्हा हे नवल नाही, पण लोह कमी असेल तर चंचलपणा आणि अस्वस्थ झोप वाढू शकते. त्यासाठी डॉक्टरांनी सिरप दिलंय. बाबा, इथे तुमचा एक आनंद काढून घेते: बशीतला चहा त्याला देऊ नका. चहाने लोह अंगी लागत नाही. सिरपनंतर लिंबू सरबत किंवा आवळा चालेल. बांगडा, तारली आठवड्यातून दोन-तीनदा दे. त्यातल्या ओमेगा-३ चा उपयोग झाला तर थोडासाच होतो, पण त्याला आवडतं आणि ते ताजं फक्त तुमच्याकडे मिळतं.

आता जे सांगायला मला जड जातंय ते. आई, तू वैद्यांकडून आणून ठेवलेलं चूर्ण आणि ती गुटी त्याला देऊ नकोस. तुझी माया मला कळते. आम्हा दोघांना तू गुटी उगाळून वाढवलंस. पण गुटीतल्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झाला. अमेरिकेने १९६८ पासून खाण्यात वेखंड बंद केलंय. भस्मं असलेल्या औषधांची मला त्याहून भीती वाटते. २००४ साली बोस्टनमधल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिशाने मुलांचं लक्ष आणखी बिघडतं, म्हणजे ज्याच्यासाठी औषध द्यायचं तेच वाढवायचं. ब्राह्मी, शंखपुष्पी, पुष्य नक्षत्राचं सुवर्णप्राशन, यांनी असा चंचलपणा कमी होतो याचा भरवशाचा पुरावा मला सापडला नाही आणि पुराव्याशिवाय मी त्याच्या पोटात काही जाऊ देणार नाही. ब्राह्मीचं तेल मात्र डोक्याला खुशाल लाव. झोपण्याआधी तू मालिश करतेस तेव्हा तो पाच मिनिटं न हलता पडून राहतो, ते माझ्याच्याने होत नाही.

एवढं सगळं करूनही पहिलीत त्याचं अडलं, तर पुढच्या वर्षी औषधाचा विचार करू असं डॉक्टर म्हणाल्या आहेत. मिथाइलफेनिडेट हे औषध कित्येक दशकं वापरात आहे आणि बऱ्याच मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. भूक, झोप आणि वजनावर लक्ष ठेवावं लागतं. लागलं तर आम्ही देऊ. तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आणि आपलं काही चुकलं असं तर मुळीच मनात आणू नका.

त्याच्या येण्याआधी दोन कामं कराच. विहिरीवर जाळी बसवून घ्या, कठड्यावर चढायला त्याला क्षण लागत नाही आणि चढल्यावर तो खाली बघत नाही. कोयता आणि आडाळो (विळी) उंचावर ठेवा. समुद्रावर एकट्या आईने त्याला नेऊ नये, दोघांनी जा, आणि त्याने पाण्यात पाय घातला की हात धरलेलाच असू दे.

समीर शनिवारी रात्रीच्या गाडीने त्याला घेऊन निघेल, रविवारी सकाळी पोचतील. डॉक्टरांच्या कागदांची प्रत आणि त्याच्या सकाळच्या कामांचा चित्रांचा तक्ता बॅगेत आहे, तो मोरीच्या दाराला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. मी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते.

तुमची,
मनू

ता. क. लोहाचं सिरप गोड आहे, त्याला बाटली सापडली तर तो सगळं पिऊन टाकेल आणि ते लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. कपाटात कुलूप लावून ठेवा, किल्ली बाबांकडे.