तिघांना तीन शिक्षा

चि. ओंकार,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू इतक्या तावातावाने बोलत होतास की मला तोंड उघडायला वाव मिळाला नाही, म्हणून हे पत्र. तुझं म्हणणं असं, की डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला चाकू दाखवून लुटल्याचं तिघांचं प्रकरण एकच. मग एक तुरुंगात, तुझा मित्र घरात जखडलेला आणि तिसरा जवळजवळ मोकळा, हा कुठला न्याय? तुझ्या मित्राच्या आईला, काकूंना, सोबत म्हणून मी सिडनीतल्या पॅरामॅटाच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. तिथे जे ऐकलं ते सांगतो.

चाकू ज्याच्या हातात होता त्याच्यावर आधीचे गुन्हे होते, त्यामुळे त्याचं काय होणार हे सगळ्यांनाच कळत होतं. तुझा मित्र मात्र शेवटपर्यंत काकूंना म्हणत होता, "मी नुसता बाजूला उभा होतो." अरे, समोरच्याला एकाच्या जागी दोघे दिसले की त्याचा धीर तिथेच सुटतो. म्हणून तर इथे न्यू साउथ वेल्स राज्यात शस्त्र दाखवून केलेली लूट आणि साथीदारासह केलेली लूट एकाच कलमात आहे, कमाल शिक्षा २० वर्षं. तिसरा त्या जागी नव्हताच. त्याने नंतर चोरलेलं कार्ड दुकानांत टॅप केलं. तो गुन्हा फसवणुकीचा, त्याला कमाल १० वर्षं. आणि तुझ्या मित्राने त्याच कार्डावर बूट घेतले, हे तुला माहीत आहे का? त्याच्यावर लूट आणि फसवणूक, दोन्ही लागलं.

बरोबरीचा मुद्दा तुझ्या मित्राच्या वकिलानेही मांडला. साथीदारांच्या शिक्षांत इतकी तफावत नको की एकाला रास्त तक्रार करायला जागा उरावी, हे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९८४ सालीच, लो खटल्यात सांगून ठेवलंय. पण ज्याचा वाटा वेगळा, पूर्वेतिहास वेगळा, त्याला शिक्षाही वेगळी, हेही त्याच तत्त्वात बसतं. तू अर्धंच धरून भांडतोयस.

सरकारी वकिलांनी १९९९ चा हेन्री निकाल, म्हणजे लुटीच्या शिक्षेचं माप घालून देणारा निकाल, काढला तेव्हा काकूंनी माझा हात घट्ट धरला. आरोपी तरुण, मागचं फारसं काही नाही, हातात चाकू, रक्कम थोडी, अशा ठरावीक प्रकरणाला त्या निकालात चार ते पाच वर्षं कैद धरली आहे. म्हणजे "पोराचं वय लहान, पहिलीच वेळ" हे त्या आकड्यात आधीच जमेस धरलेलं! तरी तुझ्या मित्राचा आकडा दोन वर्षांवर आला. लवकर गुन्हा कबूल केल्याची २५ टक्के सूट मिळाली, त्याचा भाग दुय्यम ठरला, आणि प्रोबेशनवाल्यांचा अहवाल बरा आला.

त्याला मिळाली ती इंटेन्सिव्ह करेक्शन ऑर्डर. ती कैदच, फक्त तुरुंगाबाहेर भोगायची. पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा, काम आणि क्लास सोडून घराबाहेर पडायचं नाही, शनिवारी समाजसेवेचे तास, आणि बाकीच्या दोघांशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही. पट्टा झाकायला तो उन्हाळ्यातही लांब पँट घालतो. अटी मोडल्या तर पॅरोल अथॉरिटी ऑर्डर रद्द करून उरलेला काळ तुरुंगात काढायला लावू शकते. तिसऱ्याची कम्युनिटी करेक्शन ऑर्डर खरंच हलकी आहे, त्यात कैद नाही, मोकळं राहून अटी पाळायच्या. पण त्यानेही काही उलटंसुलटं केलं तर तो पुन्हा कोर्टापुढे उभा राहील आणि शिक्षा नव्याने ठरेल.

मला विचारशील तर दोन वर्षं थोडी कमीच वाटली. काकूंना हे सांगू नकोस. ज्याला लुटलं तो डिलिव्हरी करणारा विद्यार्थी, तुझ्याच वयाचा. त्याचं निवेदन वाचून दाखवलं. त्याने रात्रीचं काम सोडलंय, भाड्याला पैसे पुरत नाहीत, आणि मागून पावलं वाजली की तो थांबून माणूस पुढे जाऊ देतो. फोनवर इतकं बोललास, त्यात त्याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मित्राला भेटायला मनाई नाही. सुट्टीत येशील तेव्हा त्याच्या घरी जाऊन ये, त्याला बाहेर बोलावू नकोस. आणि त्या तिसऱ्या मुलाबद्दल व्हॉट्सॲप ग्रुपवर जे लिहिलंयस ते आजच काढून टाक. त्याची आईही त्या ग्रुपवर आहे.

तुझा,
बाबा