मृगाच्या आधी टायर बदलून घ्या

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, खाचा अजून दिसतात मग टायर कशाला बदलायचे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. आपल्या गाडीचे टायर घासलेले नाहीत, म्हातारे झालेत. वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर चालते, बाकी दिवस अंगणात उन्हात उभी. आपल्याकडच्या 44-45 डिग्रीत रबर कडक होतं, आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही.

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, पंक्चरवाल्याला पाहायला सांगा. सहा वर्षांवरचा, त्यात बारीक भेगा पडलेला टायर पावसात नकोच. स्टेपनीचेही आकडे पाहा, ती डिक्कीत न चालताही म्हातारी होते.

खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरचे. टायर तिथवर घासला की कायद्यानेच बाद. पण पावसासाठी 3 मिलिमीटरलाच बदलावा, कारण खाचांतून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही तर चाक पाण्यावर तरंगतं. स्टेअरिंग एकदम हलकं लागलं की समजा तेच झालं. तेव्हा ब्रेक दाबू नका, अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा.

नवे घेताना साइज तीच, 165/80 R14 85T. शेवटचा 85 म्हणजे एका टायरला 515 किलोचा भार. त्याहून कमी आकड्याचा घेऊ नका. दुकानदार M+S लिहिलेला दाखवून म्हणेल, हा चिखलातही चालतो. त्या अक्षरांचा अर्थ चिखल आणि बर्फ असाच आहे, पण ती कंपनी स्वतःच छापते. बर्फातली चाचणी पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. थंडीचे खास टायर 7 डिग्रीखालीही मऊ राहावेत म्हणून बनवतात. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर झिजतील. आपल्याला साधा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला टायर हवा, लांब सलग खाचांचा, सहा महिन्यांच्या आत बनलेला. आणि पांदणीतली काळी माती कोणत्याच कारच्या टायरला ऐकत नाही. ती खाचांत भरली की टायर गोटा होतो. पाऊस पडला की गाडी डांबरी रस्त्यालाच लावा, शेतात पायी जा.

चारही बदलणं उत्तम. दोनच घेतले तर नवे मागे बसवा. दुकानदार पुढे बसवायला बघेल, कारण इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर आहे. पण पुढचं चाक घसरलं तर अॅक्सिलरेटर सोडून गाडी सावरता येते. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते, आणि ती तुम्हाला सावरायची नाही. बसवताना बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्याच.

हवा महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना तपासा. ड्रायव्हरचं दार उघडलं की स्टिकरवर आकडा आहे, तोच भरा. दारव्ह्याहून यवतमाळला पोचल्यावर मोजली तर तीन-चार पीएसआय जास्त दिसेल. ती गरमीची हवा आहे, काढू देऊ नका. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

आई, तू दुकानात बाबांसोबत जा आणि पैसे देण्याआधी चारही टायरच्या आकड्यांचे फोटो मला पाठव.

तुमचा,
लेक