वर्दीतून आलेल्या बाईला "मिस्टर कुठे होते" नको, काम विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी घोडबंदर रोडला राहते. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये (सैन्याला रेशन, इंधन पुरवणारी शाखा) शॉर्ट सर्व्हिस ऑफिसर, म्हणजे ठराविक वर्षांसाठीची अधिकारी होते, मेजर म्हणून बाहेर पडले आणि आता भिवंडीकडे माणकोलीजवळ एका वेअरहाऊसचं ऑपरेशन्स बघते. माजी सैनिकांच्या नोकऱ्यांबद्दल जे छापून येतं त्यात वीरपत्नी असतात, वीरमाता असतात, त्यांचा मान आहेच, पण जिने स्वतः वर्दी घातली ती बाई कुठेच नसते, म्हणून लिहितेय.

बऱ्याच जणांना मागचं माहीत नसतं. डॉक्टर-नर्स सोडून बाकी शाखांत आर्मीने मुलींना घ्यायचं ठरवलं १९९२ ला, पहिली बॅच १९९३ ला चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीतून बाहेर पडली. सुरुवातीला नोकरी ५ वर्षांची, ती वाढत वाढत १४ पर्यंत गेली, पण बरोबरच्या पुरुष ऑफिसरला पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी, मागता यायचं ते आम्हाला नाही. २००८ ला लीगल आणि एज्युकेशन शाखेत मिळालं, बाकीच्यांना सुप्रीम कोर्टाचा १७ फेब्रुवारी २०२० चा निकाल येईपर्यंत थांबावं लागलं. आणि ऑफिसरची पेन्शन बसते २० वर्षांच्या सेवेनंतर! म्हणजे किती जणी पस्तिशी उलटल्यावर, पोरं शाळेत, पेन्शन नाही अशा बाहेर आल्या त्याचा विचार करा. "तुम्हाला काय, सरकार देतंच की" असं सोसायटीत कोणी म्हटलं की फार लागतं.

नोकरी शोधायला निघालं की सीव्ही बघून विचारतात, मॅडम सप्लाय चेनचा एक्सपिरियन्स आहे का? अहो, लडाखमध्ये झोजिला खिंड बंद व्हायच्या आधी आख्ख्या हिवाळ्याचं रेशन, रॉकेल, डिझेल वर पोचवून ठेवायचं असतं, ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात त्याला, मोजके महिने हातात असतात आणि एकदा बर्फ पडला की राहिलेली वस्तू मागवायला रस्ताच नाही, कुठल्या डब्याची तारीख आधी संपते, कुठला माल पुढे ठेवायचा, कॉन्व्हॉयमधली एक गाडी घाटात बंद पडली तर मागच्यांचं काय, ही सगळी कामं आमच्या कोअरची. ही सप्लाय चेन नाही तर काय? पण सीव्हीवर कंपनी कमांडर लिहिलेलं दिसतं आणि ऑफर येते सिक्युरिटीची, ॲडमिनची, नाहीतर शाळेत शिस्त लावायची. ती कामं कमी दर्जाची नाहीत, पण मी जे शिकले ते तिथे वापरलंच जाणार नाही ना. वर एका सरकारी खिडकीवर माझा फॉर्म हातात घेऊन विचारलं, मिस्टर कुठल्या रेजिमेंटला होते?

मला आत्ताची नोकरी मिळाली कारण इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅनेजरने सरळ विचारलं, तुमच्याकडे माल खराब किती व्हायचा आणि तुम्ही तो कसा थांबवायचात. मग मी बोलतच राहिले. असे प्रश्न विचारायला फौज माहीत असावी लागत नाही, गोडाऊन माहीत असलं तरी पुरतं.

सिव्हिलमध्ये शिकावं लागतं हे पण खरं. ई-वे बिल, जीएसटी, ग्राहकाचा रात्री ११ ला येणारा फोन, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर कॉन्ट्रॅक्टरचा असतो, त्याला ऑर्डर देऊन चालत नाही, त्याच्याशी बोलावं लागतं, त्याचे पैसे अडकलेत का ते बघावं लागतं. महिना-दोन महिने फ्लोअरवर अनुभवी माणसाबरोबर ठेवा, पगार देऊन, बास. शेवटच्या वर्षात असलेल्या ज्युनिअर मुलींना मी सांगते की डीजीआरचा (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) कोर्स जरूर करा पण सीव्हीत हुद्दे कमी लिहा, किती गाड्या, किती टन, किती माणसं ते लिहा.

हे आत्ताच बोलायला हवं कारण नेव्हीच्या पहिल्या अग्निवीर (४ वर्षांसाठी भरती) बॅचमध्ये २७३ मुली होत्या. त्यांचं ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला २०२२ च्या अखेरीस सुरू झालं, म्हणजे ४ वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. पुढे जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना ठेवणार, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख एकरकमी सेवा निधी मिळेल आणि वय असेल जेमतेम पंचविशीचं. त्यातल्या काही जणी आपल्या ठाणे, कल्याण, पनवेलकडे आल्या तर आपण त्यांना पण गेटवर रजिस्टर घेऊन बसवणार का? इथे भिवंडीची गोडाऊनं, न्हावा शेवा बंदर, नवी मुंबईचा नवीन एअरपोर्ट, सगळीकडे माल हलवणारी माणसं हवीत आणि आम्ही रोज ऐकतो की चांगला शिफ्ट इनचार्ज मिळत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने या कंपन्यांच्या ऑपरेशन्सच्या लोकांना (फक्त एचआरला नाही) बोलवून माजी महिला सैनिकांसाठी वेगळा भरतीचा दिवस ठेवावा ही माझी विनंती आहे, आणि तो रविवारी ठेवावा, म्हणजे लहान मुलं असलेल्यांना घरी कोणाकडे तरी सोपवून येता येईल. आमच्या वेअरहाऊसमधून मी स्वतः येऊन बसायला तयार आहे.

आपली,
एक माजी सैन्य अधिकारी, ठाणे