सर आणि ताई, तुमच्यामुळे वडिलांवर लिहिता आलं

आदरणीय सर आणि ताई,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, वडिलांवर लिहिलेली अकरा पानं काल मी आईला वाचून दाखवली. मधे एकदाही उठली नाही ती. हे तुम्हा दोघांना कळवल्याशिवाय राहवेना. आणि आभार मानायचे तर चार लोकांसमोर मानावेत, म्हणून हे उघडं पत्र.

डोंबिवलीच्या वाचनालयाच्या माडीवर लेखनवर्गाच्या पहिल्या रविवारी मी दाराजवळची खुर्ची धरली होती. माझं शिक्षण दहावी, तेही रात्रशाळेत. लेखन शिकवणारे म्हणजे मोठे विद्वान असणार, आपण तोंड उघडलं की आपलं अज्ञान दिसणार, ही धास्ती होती. पण तुम्ही आधी स्वतःबद्दलच सांगितलंत.

सर, तुम्ही सोळाव्या वर्षी गिरगावातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला लागलात. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजव्या हाताने एकेका घरातून खिळा उचलायचा, अक्षरं उलटी वाचायची. जोडाक्षरांची घरं कुठे ते अंधारातही हाताला सापडायचं, म्हणालात. पुढे कॉम्प्युटर आले, छापखाना बंद झाला आणि तुम्ही मुद्रितं तपासायला लागलात. “वाक्याचं वजन मला हातानं कळलं. नको असलेला शब्दसुद्धा मलाच उचलावा लागायचा ना!” हे सांगताना तुमची बोटं टेबलावर खिळे वेचत होती.

ताई, तुम्ही संगमेश्वरकडच्या वाडीतल्या. पुरुषमाणसं मुंबईला, आणि चौथीतली तुम्ही वाडीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायचात. बाई तासभर मन मोकळं करायची आणि शेवटी म्हणायची, “लिही, आम्ही इकडे खुशाल आहोत.” ती बोलली ते आणि तिने लिहायला सांगितलं ते, या दोहोंच्या मधलं कसं लिहायचं हे तुम्ही आजही शोधताय म्हणालात. माझे वडील अशीच पत्रं लालबागच्या खोलीत कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. त्याच दिवशी मी ठरवलं, आपणही लिहायचं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत वडीलही. मी लिहिलं होतं, ‘आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला.’ सर, तुम्ही त्या ओळीवर पेन्सिल टेकवून विचारलंत, “डोंगर कुणी पाहिला? सकाळी घरात काय व्हायचं ते सांगा.” मी सांगितलं. संप लागल्यावरही कितीतरी दिवस वडील पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आई डबा भरायची, तो घेऊन ते गिरणीच्या गेटापर्यंत जायचे. दुपारी डबा तसाच परत यायचा आणि तो आम्ही भावंडं खायचो. “हे लिहा,” एवढंच म्हणालात. घरी येऊन मी रात्री दोनपर्यंत लिहीत बसले.

ताई, मी जन्मभर ‘आणी’ लिहीत आले. तुम्ही माझ्या पानावर लाल रेघ मारली नाहीत. शेजारी बसून सांगितलंत, मराठी शब्दातला शेवटचा इकार-उकार दीर्घ, पाटी, गिरणी. ‘आणि’ मात्र ह्रस्व. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे, म्हणजे तुम्ही शाळेत असतानाचे, आणि तेव्हा तुमचे गुरुजीही ते नव्यानेच शिकत होते, हे ऐकल्यावर माझी अर्धी भीती गेली. लाजेपायी वही लपवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी मदत कुणी करू शकेल असं मला वाटत नाही.

शेवट काही केल्या सुचेना. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, मग लिखाण थांबवायचं कुठे? तुम्ही दोघांनी मिळून ते शेवटचं पान वाचलंत आणि म्हणालात, डब्यावर थांबा. तिथेच थांबले.

काल वाचून झाल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पितळी लिहिलंयस, पण डबा जर्मनचा होता. झाकणाला पोचा होता.” तेवढं दुरुस्त केलं आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची विद्यार्थिनी