गोष्टीतली म्हैस म्हणजे आमची गंगी

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर आई तू विचारलंस की एवढी सोडवून आणलेली कुत्री सांभाळून लिहायला वेळ कधी मिळतो रे, आणि मागनं बाबांचा आवाज पण आला, की पोरांच्या गोष्टींचं पुस्तक पुरं करायचंय का कुत्र्यांचा दवाखाना काढायचाय. फोनवर अर्धवट काहीतरी बोलण्यापेक्षा नीट लिहूनच सांगतो.

आधी तुमची चावण्याची भीती. तुमच्या सुनेनं आणि मी रेबीजची इंजेक्शनं आधीच घेऊन ठेवल्यात, तरी चावलं तर पुढची दोन घ्यावीच लागतात आणि ती आम्ही घेणारच. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना दरवर्षी लस असते, नसबंदी पण झाल्या. रस्त्यावरच्या एखाद्या कुत्र्याच्या कानाला कापलेली खाच दिसली तर ती नसबंदी झाल्याची खूण असते, त्या वेळी रेबीजची लस पण देतात, त्यामुळं तसलं कुत्रं दिसलं की लगेच दगड नको. आणि आई, गावात कुणाला चावलं तर मिरची, चुना, हळद काय सुद्धा लावू द्यायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीज एकदा उठला की त्यावर उपाय नाही, म्हणून हे सगळ्यात वर लिहिलं.

आता वेळेचं. तुम्हाला वाटतंय मी कुत्र्यांमधनं वेळ काढून लिहितो, पण ही कुत्री नसती तर माझ्याकडं लिहायला प्राणीच नसते हो. ससा भित्रा, कोल्हा लबाड, हत्ती शहाणा हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लिहायला बसलं की तेच हातातनं उतरतं. घरात खरा प्राणी असला की तो तसं लिहू देत नाही.

आमच्या गंगी कुत्रीचंच बघा. ती 2021 च्या जुलैच्या पुरातली. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2019 ला गेलं होतं तसंच. नदीकडच्या एका शेडच्या पत्र्यावर ती अडकली होती. बोटीतल्या पोरांनी बिस्कीट टाकलं तर खाल्लं, पण बोटीत काय येईना, हात पुढं केला की दात दाखवायची. शेवटी त्यातला एक पोरगा पत्र्यावरच जाऊन बसला, तिच्याकडं पाठ करून, भर पावसात, काहीच न बोलता, आणि बऱ्याच वेळानं ती आपणहून सरकत सरकत येऊन त्याच्या पाठीला टेकली. हे मला त्या पोरानंच सांगितलं तेव्हा मी त्याला परत परत विचारत होतो, की पहिल्यांदा काय टेकवलं, तोंड का अंग. अंग म्हणाला. मला ते लई महत्त्वाचं वाटलं, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

आजपण पावसाचा जोर वाढला की गंगी आपलं जेवणाचं भांडं तोंडात धरते आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवते. रडत नाही, भुंकत नाही, भांडं ठेवते आणि शेजारी बसते. मी तिची गोष्टीत म्हैस केली, कारण पूर आला की कोल्हापूरच्या माणसाच्या पोटात पहिला गोळा जनावरांचाच येतो, आणि गंगावेशीला धारोष्ण दूध पीत वाढलेल्या पोरांना म्हैस सांगावी लागत नाही. तर गोष्टीतली म्हैस पाऊस लागला की गोठ्यात जातच नाही, रस्त्याच्या चढावर जाऊन उभी राहते, सगळे तिला हेकट म्हणतात, काठीनं ढोसतात, आणि घरातली बारकी पोरगी तेवढी तिच्याकडं पाठ करून शेजारी बसते. चिखलीकडच्या एका शाळेत हे वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आमची म्हस पण असंच करती, पाऊस लागला की दावं तोडती. तेवढ्यावर मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदानं.

दुसरा बुलेट. हायवेला शिरोलीच्या अलीकडं गाडीनं उडवलेला, मागचा एक पाय काढावाच लागला. कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळं मागचा गेला तर लवकर सावरतं असं डॉक्टर म्हणाले होते, आणि सावरला तो, टाके निघायच्या आत मांजरामागं पळाला. तो गोष्टीत बोका झालाय, मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीवर राहणारा. बुलेट गेलेल्या पायाच्या अंगाला वळायचं असलं की आधी वेग कमी करतो, लांबनं वळसा घेतो आणि मग सुटतो, ते मी जसंच्या तसं बोक्याला दिलंय. हस्तलिखित वाचून एका जाणत्या माणसानं सुचवलं की शेवटी त्याला पाय परत मिळू दे, पोरांना बरं वाटंल. मी नाही म्हणालो, आणि त्या मुद्द्यावर मी अजिबात सरकणार नाही. बुलेटला पाय गेल्याचं दुःख असल्याचं मला एकदा सुद्धा दिसलं नाही, त्याला दुःख एवढंच असतं की सोफ्यावरची त्याची जागा दुसऱ्यानं घेतली. मग मी कशाला त्याच्या तोंडी रडगाणं घालू? पाय अधू असलेलं पोरगं वर्गात असतं, कुबडी घेऊन येतं, त्यानं ही गोष्ट वाचली तर त्याला जादूचा पाय नको, वळायची युक्ती पाहिजे.

शेरूबद्दल आई तुला माहीत आहे, रंकाळा तलावावर गळ्यात पट्ट्यासकट सोडून दिलेला म्हातारा लॅब्रॅडॉर. कुणी सोडला असंल ते मनात आलं की अजून राग येतो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेलं जनावर गर्दीत सोडायचं म्हणजे काय. पण त्याच्यामुळं मी पुस्तकातलं सगळ्यात अवघड प्रकरण लिहिलं, ज्यात एक पण रंग नाही. डोळे चांगले असते तरी कुत्र्याला निळा आणि पिवळा तेवढाच नीट कळतो, लाल आणि हिरवा वेगळा ओळखत नाही, म्हणजे तांबडा रस्सा त्याच्यासाठी तांबडा नाहीच. पण नाक! माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या वीस-तीस कोटी. मग मी शेरूला घेऊन पहाटे फिरायला लागलो, तो जिथं थांबंल तिथं थांबायचं, ओढायचं नाही. महाद्वार रोडला हारवाले यायच्या आधीची ओली फरशी, चप्पल लाईनला बंद दुकानाच्या फटीतनं येणारा कातड्याचा वास, मिसळीच्या कटाला पहिली फोडणी, थंडीत कसबा बावड्याकडनं वाऱ्यावर येणारी कारखान्याची मळी. एका विजेच्या खांबाला तो इतका वेळ थांबतो की मला वाटतं हा पेपर वाचायलाय. त्या प्रकरणात म्हातारा कुत्रा हरवतो आणि नुसत्या वासावर घरी येतो. त्याला मी कुत्राच ठेवलाय, दुसरा कुठला प्राणी करायची हिंमत झाली नाही.

सगळीच वाचत नाहीत. डिसेंबरात आणलेलं एक पिल्लू पार्वोनं, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूच्या आजारानं, गेलं, सलाईन लावलेलं असतानाच. त्याच्यावर मी काय लिहिलेलं नाही आणि सध्या लिहिणार पण नाही.

बाबा, तुम्ही पोथी वाचता म्हणून तुम्हाला एक विचारायचं होतं. युधिष्ठिर कुत्र्याशिवाय स्वर्गात जायला नाही म्हणतो हे सगळे सांगतात, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. पण आदिपर्वात सुरवातीलाच जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्रा येतो, त्यानं यज्ञातला हविर्भाग चाटलेला नसतो, नुसता आलेला असतो, आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडं जातो, आणि सरमा, म्हणजे त्याची आई, भर यज्ञात येऊन विचारते की माझ्या पोरानं काहीच केलं नव्हतं, मग मारलं का? कुणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते. हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. मला तो पहिला कुत्रा जास्त जवळचा वाटतो, कारण तो शेवटपर्यंत कुत्राच राहतो, कुणी देव-बिव निघत नाही, तरी त्याच्या मारण्याचा जाब विचारला जातो. माझ्या पुस्तकात मला एवढंच करायचंय. प्राणी प्राणीच राहू दे, माणसासारखा शहाणपणा सांगायला नको, आणि तरी वाचणाऱ्याला त्याच्यावर उगारलेला हात खटकला पाहिजे.

आता काम. पुढची गोष्ट धनगराच्या कुत्र्यावर आहे आणि तसला कुत्रा माझ्या घरात नाही. तुम्ही सांगायचा ते आजोबांच्या शेतात मेंढरं बसवायला यायचे त्यांच्याबरोबर एक काळा कुत्रा असायचा. तो रात्री वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, आत झोपायचा का बाहेर? दिवसा कुणाच्या हातनं खायचा? अनोळखी माणूस बांधावर आला की आधी भुंकायचा, का गप्प उठून वाटेत उभा राहायचा? मला हे शेवटचं नक्की पाहिजे. व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, बारीकसारीक सगळं सांगा, लांबलं तरी चालंल. आणि आई, जुनी लुगडी असतील तर एसटीनं पाठव, शेरूची हाडं फरशीला टोचतात. दिवाळीनंतर दोघं इकडं या, दिवाळीत नको, फटाक्यांनी गंगी पलंगाखालनं निघत नाही आणि आम्हाला तिच्यापाशीच बसावं लागतं.

तुमचा,
बाळू