नदीला विचारून बांधा, साहेब : कृष्णाकाठच्या एका गाडीवाल्याचं पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सातारा जिल्ह्यातल्या धोम ते माहुली या कृष्णाकाठावर नवं काही बांधण्याआधी आहे ते राखण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी वाईचा गाडीवाला. आधी बरीच वर्षं वाई-सातारा वडापची जीप चालवली. तेव्हा आत चौदा माणसं कोंबलेली असायची आणि टपावर भाजीची पोती. आता पुण्या-मुंबईचे पाच-सहा पाहुणे बसतात आणि एसी वाढवा म्हणतात. रस्ता तोच, नदी तीच. फरक एवढाच की वडापच्या काळात मला कोणी प्रश्न विचारत नव्हतं आणि आता दर दहा मिनिटांनी विचारतात. त्या प्रश्नांच्या धाकानं मी थोडंफार वाचायला लागलो. वाईत विश्वकोशाचं कार्यालय आहे, त्यामुळे चार जाणती माणसं गाठणं अवघड गेलं नाही.

आमच्याकडे 'वर' म्हणजे पाचगणी-महाबळेश्वर. पाहुणा सुरूर फाट्यावर महामार्ग सोडतो, वडांच्या सावलीतून वाईत येतो, ढोल्या गणपतीला हात जोडतो, पसरणीचा घाट चढतो आणि दोन दिवसांनी स्ट्रॉबेरीचे खोके घेऊन उतरतो. 'खाली' काय आहे, हे त्याच्या गावीही नसतं. (ते वडही किती दिवस राहतात कोण जाणे. रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिली नजर त्यांच्याकडेच जाते.)

२०२५ च्या जुलैत प्रतापगडासह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आम्हीही पेढे वाटले. पण गडावर लढलेली ही माणसं पुढे राहिली कुठे, त्यांनी पाणी कुठून आणलं, देव कुठे बसवले आणि शेवटी ती कुठे विसावली, हे बघायचं तर नदीकाठीच यावं लागतं. सकाळी धोमला निघालं तर दिवस मावळायला माहुलीच्या संगमावर पोचता येतं. एका दिवसात एवढं दाखवणारं दुसरं खोरं माझ्या तरी बघण्यात नाही. या खोऱ्यासाठी निधी येणार, आराखडा होणार, असं दर दोन-तीन वर्षांनी कानावर येतं. मला धास्ती आहे ती त्या आराखड्याची. म्हणून हे पत्र.

सुरुवात धोमपासून करतो. धरणाच्या भिंतीखाली गाव आहे, तिथे नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ. महादेवासमोरचा नंदी दगडी कमळाच्या आकाराच्या कुंडात, कासवाच्या पाठीवर बसवलाय. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं वाटतं. कुंड कोरडं असलं की पाहुणा फोटो काढतो आणि गाडीत येऊन बसतो. म्हणजे गंमत आहे ती पाण्याची, दगडाची नव्हे. हे ज्यानं बांधलं त्याला माहीत होतं.

तिथून मेणवली. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आणि मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. सिनेमावाल्यांनी हा घाट इतक्या वेळा वापरलाय की पाहुणे आल्याआल्या विचारतात, "हिरो कुठल्या पायरीवर बसला होता?" मी ती पायरी दाखवतो, पोटासाठी सगळं करावं लागतं. मग त्यांना घाटावरच्या घंटेखाली उभं करतो. पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिकडून ती आलेली. चर्चची घंटा महादेवाच्या दारात टांगलीय आणि गावातल्या कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. पाहुण्यांना वाटलंच, तर ते नवल वाटतं.

आता वाई. इथे जरा थांबा साहेब, कारण मला म्हणायचंय ते एका भिंतीत आहे.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ च्या सुमारास बांधलं, अगदी नदीला लागून. सगळे पुढून दर्शन घेतात, मूर्तीचं पोट बघून खूश होतात आणि पुढूनच परत फिरतात. मी पाहुण्यांना देवळाच्या मागे नेतो. मागची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती होत पुढे आलीय. पुराचं पाणी तिच्यावर आदळलं की दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. भिंतीवर हात ठेवला तर दगड एकमेकांत असे बसलेत की सांध्यात नखही शिरत नाही. कृष्णामाई दरवर्षी येणार, तिला अडवायचं नाही, वाट द्यायची, हा सगळा विचार त्या एका आकारात आहे. अडीचशेहून जास्त पावसाळे देऊळ तिथेच उभं आहे.

आता शेजारची गोष्ट ऐका. गावाचं नाव घेत नाही, उगाच कुणाची अब्रू नको. तिथल्या जुन्या घाटावर कुठल्याशा निधीतून सुशोभीकरण झालं. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर सिमेंटचा गिलावा, वर रंगीत पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग आणि गावाच्या नावाची मोठाली अक्षरं, तिथे उभं राहून फोटो काढायचा. नारळ फुटला, फोटो छापून आले. पुढच्याच पावसाळ्यात नदी आली. गौरी-गणपतीला मी गेलो तेव्हा लाल-पिवळे ब्लॉक पात्रात विखुरले होते आणि पोरं त्यांचा बांध घालून मासे धरत होती. रेलिंग वाकून पाण्याकडे तोंड करून उभं. खालच्या जुन्या पायऱ्या मात्र होत्या तशा होत्या, फक्त सिमेंट चिकटलेला भाग उखडताना दगडाचे कपचे निघाले होते.

वाईतलेच एक जुने गवंडी मला म्हणाले होते, "दगडाला श्वास लागतो." मला ते तेव्हा कवितेसारखं वाटलं. नंतर त्यांनी नीट सांगितलं. जुनी बांधकामं चुन्यातली. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, मग ती दगडातून किंवा विटेतून वाट काढते, क्षार बाहेर येतात आणि पापुद्रे सुटतात. वरून ऑइल पेंट फासला की उरलंसुरलं दारही बंद. आमच्या देवळांच्या शिखरांवर चुन्यात घडवलेल्या मूर्ती आहेत, नाकडोळे इतके नाजूक की खालून दिसतसुद्धा नाहीत. दर रंगरंगोटीत त्यांच्यावर एक थर चढतो. काही मूर्तींची तोंडं आता शाळेतल्या पोरानं काढलेल्या चित्रासारखी झालीत. भक्ती असते हो त्यामागे, मी नाही म्हणत नाही. पण चुना मळणारा माणूस आणि चुन्याची घाणी आता शोधावी लागते, आणि सरकारी अंदाजपत्रकात मी तरी कधी चुना हा शब्द पाहिला नाही.

लिंबची बारा मोटांची विहीर तुम्ही कधी बघितली आहे का? महामार्गापासून जवळ आहे, ताफ्यातून जाताना दहा वेळा तिच्याजवळून गेला असाल. शिवरायांचे नातू, साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांच्या काळात विरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. अष्टकोनी, खोली ११० फूट, व्यास ५० फूट आणि विहिरीच्या पोटात चक्क एक महाल, कोरीव खांबांचा. पायऱ्या उतरून कमानीखालून गेलं की बाहेरचं ऊन एकदम तुटतं आणि गार हवा अंगावर येते. भर मे महिन्यात बडबडे पाहुणेही तिथे गप्प होतात.

एकदा ठाण्याचं एक कुटुंब होतं, सोबत ऐंशीच्या घरातल्या आजी. नातवंडं खाली महालात धावत गेली, आजी वरच थांबल्या, मोटांच्या जागेपाशी. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. तर त्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडीवर, हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "आमच्या विहिरीवर दोन मोटा होत्या. इथं बारा!" मग पोरांना वर बोलावून त्यांनी मोट शिकवली. बैल धावेवरून उताराला कसे जातात, नाडा म्हणजे मोटेचा दोर कसा ताणतो, कातड्याची मोट वर आली की तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात कसं भसकन पडतं. आणि रिकामी मोट खाली सोडायला बैल उलट्या पावलांनी मागे येतात, हे सांगताना आजी स्वतःच पदर खोचून चार पावलं उलट्या चालल्या. पोरांनी मोबाइल खिशात ठेवला होता. त्या दिवशी मी गाईड म्हणून एक शब्द बोललो नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले.

पुढचं ऐकताना तुम्हाला लाज वाटावी अशी माझी इच्छा आहे. परत निघताना आजींनी सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सून माझ्याकडे आली. त्यांना बाथरूमला जायचं होतं. मी गाडी महामार्गावरच्या हॉटेलपर्यंत पळवली. त्यानंतर माहुली राहूनच गेली, आजी म्हणाल्या, नको आता. सकाळपासून त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. कृष्णेच्या काठानं दिवसभर फिरलेली बाई तहानलेली राहिली, कारण जायची सोय नाही.

माहुली म्हणजे कृष्णा-वेण्णेचा संगम. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. अलीकडे विश्वेश्वर, पलीकडे रामेश्वर आणि राजघराण्याच्या समाध्या. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर जिनं औरंगजेबाला दाद दिली नाही, त्या महाराणी ताराबाईंची समाधी इथे नदीच्या पात्रात आहे. पाणी आणि वाळू तिला झाकतात आणि उघडी पाडतात. मी कितीदा तरी पाहुण्यांना घेऊन काठावर उभा राहून नुसतं बोट दाखवलंय, "तिकडे, त्या तिथे." शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधीसुद्धा इथेच. त्यानं वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. लहान मुलांना खंड्या पटकन आवडतो आणि मग ती विचारतात, "राणीची समाधी का नाही दिसत?" सातारा रेल्वे स्टेशन माहुलीच्याच अंगाला आहे. गाडीतून उतरलेल्या माणसाला आपण कोणाच्या उशाशी उतरलो, हे कळायला हवं की नको?

साहेब, माझं मागणं मोठं नाही, उलट स्वस्तातलं आहे. स्मारकं सांस्कृतिक कार्य विभागाकडे, नदी जलसंपदाकडे, घाट नगरपालिकेकडे नाहीतर ग्रामपंचायतीकडे, देवळं विश्वस्तांकडे आणि पाहुणा तुमच्याकडे. तो पाहुणा हे सगळं एका दिवसात बघतो, पण त्याच्यासाठी हे पाचही जण एका टेबलावर बसल्याचं मी ऐकलेलं नाही. तुम्ही बसवू शकता. धोम ते माहुली हा एकच मुलूख धरा आणि पहिली तीन वर्षं नवीन काही बांधू नका. ना प्रवेशकमान, ना सेल्फी पॉइंट, ना रोषणाई. तेवढ्या पैशांत चुन्याचं काम येणारे चार गवंडी शोधा आणि त्यांच्या हाताखाली आमची दहा पोरं शिकायला ठेवा. ताराबाईंच्या समाधीसाठी आधी नदी समजणारा माणूस पाठवा, ठेकेदार मागाहून. लिंबला आणि माहुलीला बायकांसाठी पाणी असलेली स्वच्छतागृहं हवीत आणि ती रोज झाडायला पगारी माणूस हवा. उद्घाटन करून कुलूप लावलेली नकोत, तसली आमच्याकडे आहेत. विहिरीवरच्या शिलालेखाशेजारी तो लेख आजच्या सोप्या मराठीत लिहून ठेवा, आकार वहीच्या पानाएवढा चालेल. शनिवार-रविवारी धोम ते माहुली एक एसटी सोडा. माझं थोडं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. ज्याच्याकडे गाडीभाड्याचे पैसे नाहीत त्यालाही बारा मोटांची विहीर बघायचा हक्क आहे.

आणि नदीत सांडपाणी सोडणं थांबवा. माघ-फाल्गुनात वाईच्या घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो, आळीआळीचा मांडव पडतो, बायका ओटी भरायला येतात. ओटी भरून वाकल्यावर नाकाला पदर लावावा लागतो. या एका कामासाठी तुम्ही हवा तेवढा खर्च करा, मी मोठं म्हणणार नाही.

अधिकारी येऊन गेले, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. अधिकारी येतात, बाराच्या उन्हात येतात, गाडीतून उतरतात, फोटो काढतात. तुम्ही स्वतः या, ताफा सुरूर फाट्यावर ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर पात्रात पाणी कमी असतं. माझी गाडी सकाळी सहाला वाई स्टँडसमोर असते. पुढची सीट तुमची. लिंबच्या पायऱ्यांवर ओल असते, तेव्हा चामड्याचे बूट घालू नका, चपलाच बऱ्या. आणि घरातली एखादी म्हातारी बाई सोबत आणता आली तर आणा.

कळावे,

आपला,
वाईचा एक गाडीवाला